जुने व्हिडिओ गेम पुन्हा खेळायचे तर: माळ्यावरचं मशीन की इम्युलेटर?

माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला की तो लगेच प्लगला लावून बघायचा मोह होतो. तो आवरा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेलं मशीन पहिल्याच पाच मिनिटांत कायमचं जाऊ शकतं, आणि तेव्हा दोष मशीनचा नसतो, चुकीच्या अ‍ॅडॉप्टरचा असतो.

इंदुरातल्या ओळखीच्या घरांतून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "जुना गेम निघालाय, मुलांना दाखवायचाय, तोच दुरुस्त करू की कॉम्प्युटरवर टाकू?" माझं मत आधीच सांगतो. बंदुकीचे खेळ खेळायचे असतील आणि पिक्चर ट्यूबचा टीव्ही शाबूत असेल, तर जुनं मशीनच. प्लेस्टेशन १ आणि २ चे खेळ एलईडी टीव्हीवर खेळायचे असतील तर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनसारखं वागणारा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम. मारिओ, कॉन्ट्रा, टँक या आठ-बिटच्या खेळांना दोन्ही चालतं, पण इम्युलेटरमधलं एक सेटिंग बदललं नाही तर तो आपला लहानपणीचा गेम वाटतच नाही. त्या सेटिंगकडे नंतर येतो. आधी मशीन.

हातात नक्की काय आहे?

निन्टेन्डोचं फॅमिकॉम हे आठ-बिटचं मशीन जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. आपल्या घरांत मात्र बहुतेक करून त्याची नक्कल, म्हणजे क्लोन, होती. आत निन्टेन्डोच्या चिप्स नाहीत, त्यांचं सगळं काम एकाच चिपमध्ये कोंबलेलं आणि वर काळ्या डांबरासारखा गोळा ओतलेला. कॅसेटवर "९९९९९९ इन १" छापलेलं, पण यादी खाली नेत गेलं की तेच ते खेळ वेगळ्या नावांनी परत यायचे. कॅसेट उलटी करून खालची सोनेरी पट्टी बघा. तिच्या दोन्ही बाजूंना मिळून ६० पिना असतील तर ती फॅमिकॉम जातीची. त्याच मशीनच्या अमेरिकी आवृत्तीची, एनईएसची, कॅसेट ७२ पिनांची असते, ती या खाचेत बसत नाही.

अमेरिकेतल्या मामाने किंवा आत्याने आणलेलं मशीन असेल तर वेगळी काळजी घ्या. तिकडची वीज १२० व्होल्टची, जपानची १०० ची. त्यांचा अ‍ॅडॉप्टर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला थेट लावला की तो जळणारच. अमेरिकी एनईएसच्या अ‍ॅडॉप्टरमधून तर ९ व्होल्ट एसी निघते, त्यामुळे तो फॅमिकॉमला किंवा क्लोनला लावणं म्हणजे मशीन मारणं. अमेरिकेतून आलेला जाड प्लेस्टेशन २ सुद्धा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

वीज: इथे घाई नको

महाराणी रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणा. या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त उपयोगी पडणारी वस्तू तीच.

व्होल्टेज तर बघायचंच, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न प्लस कुठे आणि मायनस कुठे हा. अस्सल फॅमिकॉमला आतल्या टोकाला मायनस आणि बाहेर प्लस लागतं. सेगा मेगा ड्राइव्हचं पहिलं मॉडेलही तसंच. दुसऱ्या मॉडेलला मात्र बरोबर उलटं लागतं. एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्ये हा फरक आहे, म्हणून "सेगाचा अ‍ॅडॉप्टर द्या" असं सांगून भागत नाही. क्लोनच्या पाठीवर गोल आणि टिंबाची खूण छापलेली असते ती बघा. अ‍ॅडॉप्टर हातात आल्यावर मल्टिमीटरची लाल सुई आतल्या भोकात आणि काळी बाहेरच्या धातूला लावा. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर आत मायनस. दुकानात सरळ हिंदीत सांगा, "भैया, नौ वोल्ट डीसी, अंदर मायनस बाहर प्लस," आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच मोजून घ्या.

पाठीवरची खूण पुसली असेल तरी मार्ग आहे. अ‍ॅडॉप्टर न लावता मशीनचे स्क्रू काढा. आत धातूच्या पत्र्याला टेकलेला तीन पायांचा एक काळा तुकडा दिसेल, त्यावर ७८०५ असा आकडा असतो. बाहेरून येणाऱ्या ९ व्होल्टचे ५ करणं हे त्याचं काम. अक्षरं आपल्याकडे ठेवून पाहिलं तर डावा पाय आत येणाऱ्या विजेचा, मधला ग्राउंड आणि उजवा बाहेर जाणाऱ्या ५ व्होल्टचा. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक सुई मधल्या पायाला आणि दुसरी अ‍ॅडॉप्टरच्या खाचेतल्या आतल्या टोकाला लावा. बीप वाजला तर आत मायनस. नाही वाजला तर बाहेरच्या पत्तीला लावून बघा. तिथे वाजला तर आत प्लस. दोन्हीकडे शांत असेल तर मध्ये डायोड बसवलेले असण्याची शक्यता आहे. मग पुढे स्वतः जाऊ नका, दुरुस्तीवाल्याला दाखवा.

हे जमलं की कॅसेट न घालता मशीन चालू करा आणि मधला व उजवा पाय यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ५ च्या आसपास हवं. तेवढं आलं तरच कॅसेट घाला. ९ ऐवजी १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर "चालतो की" असं कुणी म्हणेल. चालतो, पण जास्तीचे सगळे व्होल्ट त्या तुकड्यातून उष्णता होऊन बाहेर पडतात आणि अर्ध्या तासात पत्र्याला हात लावता येत नाही. ते टाळा.

कॅसेट आणि रिमोटची सफाई

कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांनाच होती. आता ती सोडा. फुंकरीतला ओलावा पिनांवर बसतो आणि कालांतराने गंज धरतो. गेम चालू व्हायचा तो फुंकरीमुळे नाही, कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे.

जेल रोडला मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. ९९ टक्क्यांचं असेल तर उत्तम. कापसाची काडी त्यात बुडवून, जरा निथळून, पिनांवर लांबीच्या दिशेने फिरवा. काडी काळी होत जाईल, ती स्वच्छ निघेपर्यंत नवी घेत राहा. फारच काळ्या पडलेल्या पिनांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने चालतं, पण त्याचा भुगा पूर्ण झटका. मशीनची खाच साफ करायला तीच ओलसर कॅसेट वीज बंद असताना चार-सहा वेळा आत-बाहेर करा. मग दोन्ही दहा मिनिटं वाळू द्या.

रिमोटची बटणं दबत नसतील तर बहुतेक वेळा आतल्या काळ्या रबराखालच्या पट्ट्यांवर थर जमलेला असतो. तो त्याच अल्कोहोलने निघतो. सगळी बटणं एका दमात तपासायची माझी आवडती युक्ती म्हणजे कॉन्ट्राचा पहिला पडदा: वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए आणि मग स्टार्ट. ३० जीव मिळाले तर चारही दिशा आणि तिन्ही बटणं ठीक. कॅसेटमध्ये कॉन्ट्राची बदललेली आवृत्ती नसावी एवढंच.

चित्र: खरा पेच टीव्हीचा आहे

जुनं मशीन घेऊन नव्या टीव्हीपुढे बसलेल्या माणसाची निराशा होते ती इथे. चित्र फिसकटलेलं दिसतं आणि मारिओ खड्ड्याच्या काठावरून उशिरा उडी मारतो.

कारण असं. ही मशीन साधारण २४० ओळींचं अखंड चित्र पाठवतात. पिक्चर ट्यूब ते येईल तसं, ओळीमागून ओळ, त्याच क्षणी रंगवते. एलईडी टीव्हीला तसं करता येत नाही. तो आलेलं चित्र आधी साठवतो, त्याला ४८० ओळींचं अर्धं-अर्धं चित्र समजून जुळवायला जातो, मग ताणून पडद्याभर पसरवतो. यात वेळ जातो, आणि जे पात्र एका फ्रेमआड (फ्रेम म्हणजे पडद्यावर येणारं एकेक चित्र) लुकलुकायला हवं ते कधी गायब तर कधी कायम दिसतं. एव्ही वायर एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या स्वस्त डब्या हीच चूक करतात, म्हणून त्यांवर पैसे घालवू नका. रेट्रोटिंक किंवा ओएसएससी ही उपकरणं याच कामासाठी बनलेली आहेत आणि उत्तम चालतात, पण बाहेरून मागवायची तर कस्टमसकट बराच खर्च होतो. एकाच क्लोनसाठी मी तो करायला सांगणार नाही. टीव्हीत गेम मोड असेल तर तेवढा चालू करा, उशीर थोडा तरी कमी होतो.

बंदुकीच्या खेळांना तर तडजोडच नाही. डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. बदकं दोन असतील तर चौकोन एकामागून एक, वेगवेगळ्या फ्रेमला येतात. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. ठरलेल्या फ्रेमला त्याला उजेड दिसला तर नेम लागला. एलईडीवर तो चौकोन उशिरा उमटतो आणि ट्यूबसारखा झपकन चमकत नाही, म्हणून मशीनच्या हिशेबी नेम नेहमीच हुकतो. बंदुकीत बिघाड नसतो. ती फेकू नका.

तेव्हा ट्यूबचा टीव्ही शोधायचा. इंदुरात तो मिळणं अवघड होत चाललंय. आपल्याकडे घरोघरी सहा प्रकारे कचरा वेगळा होतो, त्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, आणि जुने टीव्ही त्या वाटेने भराभर गेले. नातेवाइकांत विचारा, कबाड्याला सांगून ठेवा. १४ किंवा २१ इंची, पुढे-मागे पिवळी एव्ही पिन असलेला आणि चालू करून दाखवलेलाच घ्या. त्याचं मागचं झाकण मात्र स्वतः कधीही उघडू नका. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो शिल्लक राहू शकतो.

एव्ही पिन नसेल तर मशीनची जुनी अँटेनाची वायर लावा, टीव्हीला ऑटो ट्यूनिंग करायला सांगा आणि त्या वेळी गेम चालू ठेवा, म्हणजे चॅनेल सापडेल.

इम्युलेटर: आधी हक्काचं, मग तंत्राचं

इम्युलेटर बनवणं-वापरणं यात गैर काही नाही. प्लेस्टेशनच्या इम्युलेटरवरून सोनी आणि कनेक्टिक्स यांच्यात झालेल्या खटल्यात अमेरिकी अपील न्यायालयाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. अ‍ॅपलनेही २०२४ पासून आयफोनवर जुन्या गेमचे इम्युलेटर येऊ दिले आहेत. प्रश्न येतो तो गेमच्या फाइलचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(एए) सांगतं की ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे, त्याला ती हरवू-खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत करता येते. दुसऱ्याने चढवलेली फाइल उतरवून घेणं यात बसत नाही. म्हणून "दहा हजार गेम" भरून विकल्या जाणाऱ्या टीव्ही स्टिकच्या वाटेला जाऊ नका. कायद्याचा मुद्दा आहेच, शिवाय स्वस्त मेमरी कार्ड आणि उशिरा प्रतिसाद देणारे वायरलेस रिमोट यांमुळे खेळणंही सुखाचं होत नाही.

स्वतःच्या प्लेस्टेशन १ आणि २ च्या अस्सल डिस्क असतील तर काम सोपं आहे. कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये त्या वाचता येतात. ड्राइव्ह नसेल तर आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये यूएसबीचा विचारा. इमेजबर्न या प्रोग्रामने प्लेस्टेशन २ ची डीव्हीडी आयएसओ फाइल म्हणून आणि प्लेस्टेशन १ ची सीडी बिन आणि क्यू या दोन फाइलींच्या जोडीने उतरवा. डिस्कवर आता पांढरे डाग आणि ओरखडे वाढतच जाणार, म्हणून पुढे जुन्या मशीनवरच खेळायचं ठरलं तरी हे काम आधी उरका. कॉन्ट्रासारख्या खेळांना एक सरळ वाट आहे: कोनामीचा कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन २०१९ पासून स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात विकत मिळतो.

प्रोग्राम निवडताना फार फिरू नका. आठ-बिटसाठी मेसेन, मेगा ड्राइव्हसाठी जेनेसिस प्लस जीएक्स, गेम बॉयसाठी एमजीबीए, पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी, प्लेस्टेशन १ साठी डकस्टेशन आणि २ साठी पीसीएसएक्स२. सगळं एका छताखाली हवं असेल तर रेट्रोआर्क. घरात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर बाटोसेरा ही जुन्या खेळांसाठीची ऑपरेटिंग सिस्टम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच तो सुरू करता येतो, आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. दोन्ही प्लेस्टेशनना बायॉस (मशीन सुरू करणारा त्याच्या आतला मूळ प्रोग्राम) लागतो आणि तोही स्वतःच्या मशीनमधूनच काढायचा असतो. आठ-बिटला आणि पीएसपीला त्याची गरज नाही.

प्लेस्टेशनच्या खेळांना इम्युलेटर का, तेही सांगतो. पहिल्या प्लेस्टेशनचा हिशेब पूर्ण पिक्सेलमध्ये चालायचा, त्यामुळे भिंती आणि रस्ते चालताना थरथरायचे. डकस्टेशनमधलं पीजीएक्सपी चालू केलं की ती थरथर जवळजवळ जाते. पीसीएसएक्स२ मध्ये चित्राचं रिझोल्यूशन तिप्पट केलं की तोच खेळ एलईडीवर काचेसारखा स्वच्छ दिसतो. पिवळ्या वायरने जोडलेलं मूळ मशीन त्या पडद्यावर याच्या जवळपासही येत नाही.

आठ-बिटचं ते सेटिंग

आपला टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारा. जपान-अमेरिकेचा एनटीएससी पद्धतीचा, ६० वेळा. पाल टीव्हीसाठी बनलेल्या क्लोनमध्ये त्यामुळे खेळ साधारण सहाव्या हिश्श्याने संथ चालायचा, गाण्याची पट्टी जवळपास तीच पण लय सावकाश. इम्युलेटर मात्र न सांगता ६० वर सुरू होतो. मारिओ घाईत पळतो, टँक हाताबाहेर जातात, आणि आपल्याला वाटतं की वयाने हात मंदावले.

मेसेनमध्ये रीजनच्या यादीत एनटीएससी, पाल आणि डेंडी असे पर्याय आहेत. डेंडी निवडा. १९९२ साली रशियात आलेल्या अशाच एका क्लोनचं ते नाव. नुसतं "पाल" निवडलं तर युरोपातल्या अस्सल मशीनचं वेळापत्रक लागतं, ते क्लोनशी जुळत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा रिफ्रेश रेट ५० करा, नाहीतर पडदा सरकताना चित्र अडखळतं. माझ्या मते लहानपणीचा खेळ परत आणणारी गोष्ट हीच, ट्यूबसारखं दिसायला लावणारे फिल्टर तिच्यानंतर येतात. मुलांना पहिल्यांदाच शिकवत असाल तर मात्र ६० वरच ठेवा, गेम बनवणाऱ्यांनी तो त्याच वेगासाठी बनवला होता.

चित्राचा आकार ४:३ ठेवा. पडदाभर ताणलं की मारिओ जाडा दिसतो. एका ओळीत आठ स्प्राइटची (पात्रं ज्या छोट्या चित्रतुकड्यांनी बनतात त्यांची) मर्यादा काढून टाकायचा पर्यायही असतो. त्याने लुकलुक थांबते, पण काही खेळ ती मर्यादा मुद्दाम वापरतात, म्हणून मी तो बंद ठेवतो.

उशीर मोजा, अंदाज नको

रिमोट वायरचा घ्या. ब्लूटूथने सोय होते, पण उशीर वाढतो. रेट्रोआर्कमध्ये उशीर मोजायची पद्धत अशी: मारिओ स्थिर उभा असताना कीबोर्डवर पी दाबून खेळ थांबवा. उडीचं बटण दाबून धरा. आता के दाबा, प्रत्येक वेळी एकच फ्रेम पुढे सरकेल. कितव्या फ्रेमला मारिओ हलला ते मोजा आणि त्यातून एक वजा करा. तो आकडा लेटन्सीच्या (उशिराच्या) पानावर रन-अहेड या उशीर भरून काढणाऱ्या सेटिंगमध्ये भरा. आठ-बिटच्या बऱ्याच खेळांना १ पुरतो. मोजून आलेल्या आकड्यापेक्षा जास्त भरलात तर पात्रं झटके देत उड्या मारतात. हे नीट बसलं की एलईडीवरचा इम्युलेटर त्याच एलईडीला जोडलेल्या जुन्या मशीनपेक्षा चपळ वाटू लागतो.

सेव्ह आणि साठवण

इम्युलेटरची सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ कुठल्याही क्षणी आहे तसा साठवणारी फाइल, सोयीची असते, पण प्रोग्रामची आवृत्ती बदलली की ती उघडेलच असं नाही. म्हणून गेमच्या आतलं सेव्हही करत राहा आणि तो फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

मशीन पावसाळ्याआधी, जूनच्या सुरुवातीला, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रिमोटमध्ये सेल असतील तर काढून घ्या. वायर घट्ट गुंडाळू नका, टोकाशीच तुटते.

ज्या कॅसेटमध्ये सेव्ह राहतं, उदाहरणार्थ गेम बॉयची पोकेमॉन, तिच्यात नाण्यासारखी एक बॅटरी असते. ती संपली की सेव्ह जातं, आणि बदलायला काढली तरी जातं. तेव्हा आधी जीबी ऑपरेटरसारख्या कॅसेट वाचणाऱ्या रीडरने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवा. मग जुन्या बॅटरीवरचा नंबर बघून त्याच नंबरची, पाय जोडलेली नवी बॅटरी मोबाइलवाल्याकडून डाग देऊन बसवून घ्या. नुसती चिकटपट्टीने दाबलेली बॅटरी हलते. नंतर तेच सेव्ह रीडरने कॅसेटवर परत चढवा. त्याच फाइलला गेमच्या फाइलचंच नाव दिलं आणि नावाच्या शेवटी एसएव्ही (.sav) ठेवलं, तर ती एमजीबीएमध्येही उघडते आणि खेळ तिथून पुढे चालू राहतो.